घराला दुसरी खोली कुठून फुटणार, साहेब?

प्रति,
ग्रामीण घरकुलांचं काम पाहणारे जिल्ह्याचे आणि तालुक्याचे सर्व अधिकारी, अभियंते,
तसेच गावोगावच्या ग्रामपंचायतीची मंडळी

सप्रेम नमस्कार.

निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका घरकुलाचा शेवटचा हप्ता अडकला होता, म्हणून जिओ-टॅगिंगचा, म्हणजे जागेच्या नोंदीसकटचा, फोटो काढायला मी स्वतः गेलो. घर पूर्ण होतं. जोतं, भिंती, लिंटल, स्लॅब, दार, खिडकी, बाजूला शौचालय, भिंतीवर योजनेचं नाव आणि वर्ष. फक्त दार उघडेना. आतून कापूस रेटत होता. भाव वाढेल या आशेवर दिवाळीपासून घरात भरून ठेवलेला. दोन्ही खोल्या खिडकीच्या वरपर्यंत पांढऱ्या.

घरची आजी बाहेर बसली होती. घराच्या भिंतीला टेकवून पऱ्हाटी-तुराटीचं, म्हणजे कापसाच्या-तुरीच्या काड्यांचं, कूड, त्यावर जुने चार पत्रे, पत्र्यांवर दगड. चूल तिथे, पाण्याचे गुंड तिथे, बाज तिथे, नातवाचं दप्तर खुंटीला तिथेच. मी म्हणालो, "आजी, हे छप्पर फोटोत येते. जरा काढून घ्या, मग फोटो घेतो."

"काढतो जी," ती म्हणाली. "पण मंग आमी राहाचं कुठं?"

घरात राहा, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. समोर कापसानं फुगलेलं दार पाहून गिळलं. छप्पर उतरलं, फोटो निघाला, हप्ता खात्यात पडला आणि त्याच संध्याकाळी छप्पर पुन्हा उभं राहिलं. ऑनलाइन रिपोर्टात ते घर आज हिरव्या रंगात दिसतं.

कोणावर बोट ठेवायचं म्हणून हे सांगत नाही. छप्पर काढायला लावणारा माणूस मीच होतो. एकोणतीस वर्षं बांधकामात काढली, त्यातली शेवटची बरीच घरकुलात गेली. असे किती ओटे, किती चुली, किती न्हाण्या मी फोटोच्या चौकटीबाहेर ढकलल्या, मोजले नाहीत. माझं म्हणणं हेच आहे की त्या म्हातारीचं छप्पर हा घराचा भाग होता, किंबहुना तेच घर होतं. आपण बांधलं ते गोदाम. आणि हे मला नोकरीत असताना कळलं नाही. कळलं ते इंदूरला.

इंदूरला माझी मुलगी दिली आहे. नातवाच्या बारशाला गेलो होतो. घरात पाहुण्यांची गर्दी, मी बिनकामाचा. जावई म्हणाले, बाबा, तुम्ही बांधकामातले, तुम्हाला अरण्य दाखवतो. मला वाटलं, नावाप्रमाणे बाग असेल. मुंबई-आग्रा रस्त्यालगतची भली मोठी वस्ती निघाली. गल्ल्या, दुकानं, पिठाची गिरणी, वाळत घातलेल्या साड्या. कुठे तीन मजले, कुठे एक. कोणाचा जिना बाहेरून, कोणाचा आतून. मी जावयांना विचारलं, यात पाहायचं काय? ते हसून म्हणाले, हे सगळं गरिबांसाठीच्या सरकारी योजनेत झालंय. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी.

नाव मी ऐकून होतो. २०१८ साली त्यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे पहिले भारतीय, तेव्हा पेपरात फोटो आला होता. वास्तुकलेतलं नोबेल म्हणतात त्याला. आपल्या कार्यालयात त्या बातमीवर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. आर्किटेक्ट म्हणजे शहरातल्या बंगल्यांचे, असा आपला समज. घरकुलाला कसला आर्किटेक्ट लागतो?

दुसऱ्या दिवशी मी एकटाच टेप घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशीही. मुलगी चिडली, पण ते असो.

अरण्यचा हिशेब असा आहे. सुमारे ६,५०० प्लॉट, सहा वसाहतींत वाटलेले. आज तिथे ८० हजारांवर लोक राहतात. काम इंदूर विकास प्राधिकरणाचं, आखणी दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनची, १९८९ च्या सुमाराचं. सगळ्यात गरीब कुटुंबाला मिळत होता साधारण ३५ चौरस मीटरचा तुकडा, त्यावर जोतं, शौचालय-न्हाणीचा गाभा, नळ, आणि ऐपत असेल तर एक खोली. बस. पुढचं ज्याचं त्यानं वाढवायचं. पैसा येईल तसं, लग्नं होतील तसं, दुकान टाकावंसं वाटेल तसं. कसं वाढवता येईल हे दिसावं म्हणून दोशींनी ८० नमुना घरं बांधून दाखवली. मी गेलो तेव्हा त्यातलं मूळ घर कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे मला तरी ओळखता आलं नाही. इतकं लोकांनी त्यात आपलं घातलं आहे.

आता आपलं नमुना घर आठवा. पंचायत समितीच्या आवारातलं डेमो हाउस. मी ज्याच्या चाव्या सांभाळल्या त्यात जुन्या फायली आणि निवडणुकीच्या वेळचे मोडके टेबल होते. त्यात कोणी एक रात्र झोपलं नाही, चूल पेटवली नाही. लाभार्थी बाहेरून पाहायचे आणि रंग चांगला आहे म्हणायचे.

पण मला खरा धक्का दिला तो अर्ध्या मीटरनं. अरण्यमध्ये रस्ता आणि घर यांच्यामध्ये अर्धा मीटर पट्टी ठेवलेली आहे, नकाशातच. लोक तिथे ओटा बांधणार, पायऱ्या काढणार, वर सज्जा येणार, हे धरून. म्हणजे आपण ज्याला अतिक्रमण म्हणतो, फोटोतून काढायला लावतो, त्याला या माणसानं आधीच जागा देऊन ठेवली. मी त्या ओट्यांवर बसलो. एका बाईनं चहा दिला. तिनं त्याच अर्ध्या मीटरवर बांगड्यांचं दुकान मांडलं होतं. टेप लावून पाहिली, ओटा पट्टीच्या बराच पुढे आला होता. तिनं विचारलं, नगरपालिकेतून आलात का? मी टेप खिशात घातली.

हे त्यांना सुचलं कसं, तर आधी पाहिलं म्हणून. आखणीच्या आधी त्यांच्या लोकांनी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाबरोबर इंदूरच्या झोपडपट्ट्यांचा अभ्यास केला. बिनआर्किटेक्टची माणसं आपली घरं कशी बांधतात, उंबऱ्याबाहेरची जागा कशी वापरतात, झाडाखाली काय चालतं, गल्ली कुठे रुंद होते, पायरीवर कोण बसतं, हे सगळं मोजून कागदावर काढलं. झोपडी पाडायची वस्तू, असं न समजता तिच्याकडून शिकायला गेले. आपण लाभार्थ्याच्या दारी जातो ते कागद तपासायला. जागेचा आठ-अ उतारा, आधार, बँकेचं पासबुक. ती माणसं झोपतात कुठे, हे माझ्या नोकरीत मला एकदाही कोणत्याच फॉर्मनं विचारलं नाही.

इंदूरहून आल्यावर मी दोशींविषयी मिळेल ते वाचलं. माझ्या वयात वेळ भरपूर असतो.

माणूस आपला, पुण्याचा. जन्म २६ ऑगस्ट १९२७. घरात आजोबांपासून फर्निचरचा कारखाना. लाकूड, रंधा, पॉलिश यातच बालपण. आणि ज्या एकत्र कुटुंबाच्या घरात वाढले, ते घरच कुटुंबाबरोबर वाढत गेलं. माणसं वाढली की खोली, मग माडी, मग आणखी वर. मला वाटतं अरण्यचं बी तिथलं. वास्तुकला शिकायला मुंबईच्या जे.जे.मध्ये १९४७ साली दाखल झाले, शिक्षण अर्ध्यावर सोडून लंडनला गेले. १९५१ साली इंग्लंडातल्या एका परिषदेत ल कॉर्बुझिए या फ्रेंच वास्तुविशारदाच्या कानावर आपलं नाव घालून पॅरिसला त्याच्या कार्यालयात रुजू झाले. पहिले आठ महिने बिनपगारी. कॉर्बुझिएचं चंदीगड शहर तेव्हा कागदावर उभं राहत होतं. १९५४ मध्ये भारतात परतले ते कॉर्बुझिएच्या अहमदाबादमधल्या इमारतींवर देखरेख करायला. गिरणी मालकांच्या संघाची इमारत, साराभाईंचं घर. त्याच वर्षी त्यांनी मनाशी शपथ घेतली होती की तळातल्या माणसाला नीट घर द्यायचं, आणि ती जन्मभर विसरायची नाही. पुरस्काराच्या वेळी याची पुन्हा आठवण निघाली. आपणही शपथा घेतो, दर १५ ऑगस्टला. मी घेतलेल्या एकीचाही मजकूर मला आठवत नाही, हे कबूल करतो.

कॉर्बुझिए म्हणजे काँक्रीट. दोशीही तिथूनच निघाले. सुरुवातीच्या इमारतींत ते काँक्रीट उघडंनागडं दिसतं. हळूहळू त्यांना कळत गेलं की युरोपातून आणलेलं काँक्रीट गुजरातच्या उन्हात तापतं. मग भिंती जाड, छप्पर कमानीचं, सावल्या खोल होत गेल्या. सगळंच मला पटलं असं नाही. चित्रकार एम. एफ. हुसेनांच्या चित्रांसाठी अहमदाबादला केलेली गुफा आहे, इंचभर जाडीच्या फेरोसिमेंटचे, म्हणजे जाळीवर लेपलेल्या सिमेंटचे, बुडबुडे, फारशा न शिकलेल्या आदिवासी मजुरांनी हातानं उभारलेले. अभियंता म्हणून टोपी काढतो, पण कोणी मला तशात राहायला सांगितलं तर नको म्हणेन. आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७३ साली अहमदाबादलाच केलेली घरं मात्र वेगळी. खाली मोठं घर, वर त्याहून लहान, सगळ्यात वर सगळ्यात लहान, त्यामुळे प्रत्येकाला वाढायला गच्ची. लोकांनी त्यात पुढे वाटेल तसे बदल केले. आपली इमारत लोकांनी मोडली-जोडली याचा आनंद होणारा आर्किटेक्ट मी दुसरा ऐकला नाही. आपण तर सज्जाचं माप दोन इंच हललं तरी शेरा मारतो.

त्यांच्या अहमदाबादच्या कार्यालयाविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्याचा आपल्या स्लॅबशी संबंध आहे. नाव संगथ. गुजरातीत सोबत चालणं, आपल्या संगतीसारखंच. १९८० च्या आसपास बांधलं. अर्धं जमिनीत खोदलेलं, वर लांबट अर्धगोल कमानी. कमानींच्या आत मातीच्या पोकळ नळ्या भरल्या आहेत. पोकळीतली हवा उष्णता अडवते. वरून फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे, म्हणजे आपलं चायना मोझॅक. ऊन परतून जातं. पावसाचं पाणी कमानीवरून खाली पन्हाळ्यात, तिथून बागेतल्या पाटात.

आणि आपला घरकुलाचा स्लॅब? चार इंची, उघडा, काळपट. मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो तेव्हा त्याखाली हात लावून पाहिला आहे का कोणी? रात्री बारा वाजताही तो वरून भट्टीसारखा फेकतो. आमच्या गावातल्या घरकुलांत उन्हाळ्यात कोणी झोपत नाही. एक जण म्हणाला, "काहून जी साहेब, तुमी त आमाले भाकरीचा तवा बांधून देल्ला." त्यावर मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

यात नवं काही लागत नाही. नागपूर-वर्ध्याकडे बंगल्यांच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि चायना मोझॅक करणारे मिस्त्री आहेत. टाइलच्या दुकानामागे तुकड्यांचे ढीग पडलेले असतात, ते उचलून नेलेत तर दुकानदार उलट आभार मानतो. काहीच नाही तर दर साल चुन्याचा हात. आणि मातीच्या नळ्यांचं म्हणाल तर वर्ध्यातच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेलं. त्यांनी कुंभाराकडून चाकावर शंकूसारखे मातीचे नळे घडवून, एकात एक बसवून कमानीचं छप्पर करायची रीत बसवली. ना सळी, ना लाकडी वासे. दोशींनी अहमदाबादला केलं ते आपल्या कुंभाराला येतं. आपल्याला अंदाजपत्रकात तेवढं बसवता येत नाही.

सेवाग्रामला आपण शाळेच्या सहली नेतो. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. मीराबेननी तिथल्याच मातीनं, बांबूनं, कवेलूनं घरं उभी केली, गावच्या मजुरांकडून. भिंतीवर हातानं उठवलेला चरखा आणि ताडाचं झाड अजून आहे. भर दुपारी बापूकुटीच्या पडवीत बसून बघा आणि मग दहा-पंधरा किलोमीटरवरच्या कोणत्याही घरकुलात जाऊन बघा. हा फरक समजायला थर्मामीटर नको.

कोणी म्हणेल, हे पुन्हा मातीच्या घराकडे न्यायला निघाले. तसं नाही. मातीचं घर दर पावसाळ्याला गळतं, उंदीर-घुशी पोखरतात, लिंपायला बाईलाच बसावं लागतं, हे मी माझ्या आईच्या हातांवर पाहिलं आहे. ज्याला पक्कं घर मिळालं त्याला विचारा, साप घरात येत नाही एवढ्यानंच तो समाधानी असतो. २० नोव्हेंबर २०१६ ला प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली तेव्हापासून लाखो माणसांना स्लॅब मिळाला, यात मला काडीचीही शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. स्लॅब झाला की आपण संपतो आणि ते कुटुंब तिथून सुरू होतं.

आता जरा धंद्याचं बोलतो, तुमच्या-माझ्या कामाचं.

मार्गदर्शक सूचना आठवा. घराचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे आपले ते पाठ झालेले २६९ चौरस फूट. त्या आकड्याच्या आधी एक शब्द आहे, 'किमान'. तो शब्द आपण खाल्ला. आपल्या टेबलावर २६९ ही कमाल मर्यादा होऊन बसली, आणि त्याच्या पलीकडे लाभार्थ्यानं काही केलं की ते संशयाचं झालं. माझ्या वेळी सपाट भागात मिळायचे ते १ लाख २० हजार रुपये, शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी एवढ्यात त्यानं मोठं घर कसं बांधावं, हे मला माहीत आहे. मोठं घर मागतच नाही मी. वाढायला वाट मागतो.

आपल्याकडची काळी माती तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग, पावसाळ्यात फुगून वर येणार. मुरूम लागेपर्यंत खोदलं नाही तर दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघतेच. आता असं होतं की चार वर्षांनी मुलाचं लग्न ठरतं, घराला खोली जोडायची असते. मिस्त्री नवा पाया दीड फुटात काढतो, कारण पैसे संपलेले असतात. जुना पाया मुरमावर, नवा काळीत. पहिल्या पावसात सांधा फाटतो. ती फट मी शंभर घरांत पाहिली असेल. लोक त्यात पोती कोंबतात.

हे टाळायला एवढंच करायचं. आज पाया खोदतानाच पुढच्या खोलीचा पाया आणि जोतं काढून ठेवायचं. खोदाई रोजगार हमीच्या दिवसांत बसते. जोत्यावर भिंत नको, छप्पर नको. तिथे ते कुटुंब तुराट्यांचं कूड करेल, पत्रे टाकेल, कापूस ठेवेल, बाज टाकेल. ज्या बाजूला वाढायचं त्या भिंतीत विटांचे दाते, म्हणजे पुढची भिंत जोडायला बाहेर राहिलेल्या विटा, सोडायचे. स्लॅबमधून त्या बाजूला सळ्या बाहेर ठेवून त्यावर कमी सिमेंटच्या काँक्रीटची टोपी, गंजू नयेत म्हणून. जिन्याची जागा नकाशात दाखवायची, बांधायची नाही. दाराची चौकट अशी बसवायची की पुढे ते बाहेरचं दार आतलं दार होऊ शकेल. समोर ओट्याला अरण्यसारखी पट्टी. दहा मिनिटांचं काम आहे, आखणीच्या दिवशी. त्या दिवशी आपल्यापैकी कोणी हजर असतं का, हा वेगळा विषय.

आणि फोटोबद्दल. फोटोत छप्पर आलं, ओटा आला, न्हाणी आली, तर येऊ द्या. त्यावरून हप्ता अडवू नका. तसा लेखी आदेश मी नोकरीत कधी पाहिला नाही. तोंडी मात्र रोज ऐकला. कोणी सुरू केला माहीत नाही, वरून आलाय असं प्रत्येक जण म्हणायचा. मीही म्हणायचो.

दोशी शिक्षक होते, हे सांगायचं राहिलं. खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं. १९६२ साली अहमदाबादला त्यांनी वास्तुकलेची शाळा सुरू केली. नंतर त्यात नगररचनेची शाळा आली, कला आली, आणि त्यातूनच आजचं सेप्ट विद्यापीठ. स्वतःच बांधलेली इमारत. विटांच्या उघड्या भिंती, उत्तरेचा उजेड, खालून मोकळी, वर्गांना फारशी दारंच नाहीत. कोणीही येऊन पायरीवर बसावं, ऐकावं, उठून जावं. त्यांच्यासमोर शाळेचं मूळ चित्र म्हणजे झाडाखाली बसलेली माणसं. त्याच सुमारास अमेरिकेचे लुई कान यांना त्यांनी अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या इमारतीसाठी बोलावून घेतलं. स्वतःकडे येऊ शकलं असतं एवढं मोठं काम दुसऱ्याच्या हाती देऊन आपण सोबतीला उभं राहायचं, हे मला त्या इमारतीपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे एक पुलाचं काम दुसऱ्या उपविभागाला गेलं तर काय होतं ते आठवा.

मग शिक्षकाची गरज आपल्याला आहे. नागपूरला व्हीएनआयटी या तंत्रज्ञान संस्थेत वास्तुकलेचा विभाग आहे, विदर्भात आणखीही महाविद्यालयं आहेत. तिथली मुलं प्रकल्प म्हणून संग्रहालयं काढतात, विमानतळ काढतात. काढोत बापडी. पण दर वर्षी पंधरा मुलं आणि त्यांचे एक-दोन सर आठ दिवस आमच्या तालुक्यात येऊन राहिले, भर एप्रिलात, तर? घरात नाही, छपराखाली. बाज कुठून कुठे सरकते, सकाळी सावली कुठे असते, कापूस कुठे येतो, बकऱ्या कुठे बांधतात, बाई न्हाते कुठे, म्हातारा खोकतो कुठे, हे त्यांनी काढून आणावं. मग तुम्ही आणि त्यांनी बसून आपल्या जिल्ह्याचा एक नमुना करावा. ग्रामविकास मंत्रालयानं वेगवेगळ्या हवामानांसाठी नमुने तयार करून ठेवले आहेत, त्यातूनही उचलता येईल. पण पहिला नकाशा त्या म्हातारीच्या छपराचा हवा.

मी कल्पना करत नाही की एका पत्रानं हे होईल. तुमच्यावर उद्दिष्टाचा ताण असतो, महिन्याच्या शेवटी क्रमवारी लागते, मागे राहिलं की व्हीसीत, वरिष्ठांच्या व्हिडिओ बैठकीत, नाव घेतलं जातं. त्या खुर्चीत मी बसलो आहे. अरण्यमध्येही सगळं दोशींच्या नकाशाप्रमाणे झालं नाही. सगळ्यात गरिबांपैकी काही जण प्लॉट विकून निघून गेले. अरण्यला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार १९९५ मध्ये मिळाला, तेव्हाही बरंच काम बाकी होतं. ते चुकांसह उभं आहे आणि लोक त्यात राहतात, म्हणून सांगतो.

दोशी २४ जानेवारी २०२३ ला अहमदाबादला गेले, ९५ वर्षांचे होऊन. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्मविभूषण मरणोत्तर जाहीर झालं. २६ जानेवारीला आमच्या ग्रामपंचायतीत झेंडावंदनानंतर घरकुलाच्या नव्या यादीचं वाचन होतं. मी उठून म्हणालो की एका मोठ्या माणसाला दोन मिनिटं श्रद्धांजली वाहू. सरपंचांनी विचारलं, आपल्या गावचे होते का? मी नाही म्हणालो, पण सगळे उभे राहिले. आजीही होती. यादीत तिच्या धाकट्या मुलाचं नाव आलं होतं.

त्याच्या घराची आखणी अजून झालेली नाही. वाळूवरून अडली आहे, घाटाचा लिलाव झाला नाही असं सांगतात. म्हणजे अजून वेळ आहे. दुसऱ्या खोलीचं जोतं उत्तरेला काढायचं असं आजीचं म्हणणं आहे, कारण दुपारची सावली तिकडे पडते. मी जाऊन पाहिलं, बरोबर बोलते.

ज्या दिवशी आखणीला याल त्या दिवशी मला आदल्या दिवशी निरोप द्या. दोरी, खुंट्या आणि चुना मी घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
वर्धा नदीकाठचं एक गाव